तरुणांना धूम्रपान सोडण्यासाठी मोबाइल संदेशांची मदत : उपक्रम कसा उभारावा

सिगारेट सोडू पाहणाऱ्या तरुणाची खरी परीक्षा जेवणानंतरच्या पाच मिनिटांत होते, मित्राने पाकीट पुढे केल्यावर होते, परीक्षेच्या आदल्या रात्री होते. त्या वेळी समुपदेशक जवळ नसतो, डॉक्टर नसतो आणि घरच्यांना तर अनेकदा काही ठाऊकच नसते. मोबाइल मात्र हातात असतो. म्हणूनच साध्या लघुसंदेशांच्या आधारे धूम्रपान सोडण्यास मदत करणारे उपक्रम गेल्या दोन दशकांत निरनिराळ्या देशांत उभे राहिले. हा लेख असे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी आहे, मग ते महाविद्यालयाचे आरोग्य केंद्र असो, स्वयंसेवी संस्था असो, दवाखाना असो किंवा दहा-वीस विद्यार्थ्यांना मदत करू इच्छिणारा एखादा शिक्षक असो. सुरुवातीला मोठा निधी किंवा स्वतंत्र ॲप लागत नाही. नीट लिहिलेले संदेश, विचारपूर्वक ठरवलेल्या वेळा आणि समोरून उत्तर आले तर त्याला प्रतिसाद देण्याची तयारी, एवढे हवे. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि माझ्या मते उपक्रमाचे यशापयश तिच्यावरच ठरते.

आधी अपेक्षा नीट ठरवा

न्यूझीलंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तीत १,७०५ जण सहभागी होते आणि त्यांत तरुणांचा भरणा होता. सहा आठवड्यांनंतर नियमित संदेश मिळालेल्या गटातील २८ टक्के जणांनी, तर तुलनेसाठी ठेवलेल्या, असे नियमित संदेश न मिळालेल्या गटातील १३ टक्के जणांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले. त्यानंतर ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०११) केवळ सांगण्यावर विश्वास न ठेवता लाळेची तपासणी करण्यात आली. सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून दूर राहिल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्यांचे प्रमाण संदेशांच्या गटात १०.७ टक्के आणि तुलनेच्या गटात ४.९ टक्के होते. ई-सिगारेट ओढणाऱ्या १८ ते २४ वयोगटातील २,५८८ तरुणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२१) सात महिन्यांनंतर ई-सिगारेट सोडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण संदेशांच्या आणि तुलनेच्या गटांत अनुक्रमे २४.१ आणि १८.६ टक्के आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यानुसार, किरकोळ मदत मिळणाऱ्यांच्या तुलनेत संदेश मिळणाऱ्यांमध्ये सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रौढांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या पद्धतीचा समावेश आहे.

हे आकडे उपक्रमाला पैसे देणाऱ्यांसमोर आणि स्वतःच्या सहकाऱ्यांसमोर आरंभीच ठेवावेत. ब्रिटनमधील चाचणीत यशाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, हे खरे आहे. त्याच चाचणीत शंभरांपैकी एकोणनव्वद जणांची सिगारेट सहा महिन्यांच्या कसोटीवर सुटलेली दिसली नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना हे आधी सांगितलेले नसते, ते कार्यकर्ते दुसऱ्या महिन्यात खचतात आणि मग ती निराशा त्यांच्या संदेशांतूनही डोकावू लागते. तसेच, अठरा वर्षांखालील मुलांबाबतचा पुरावा प्रौढांच्या तुलनेत अपुरा असल्याने त्यांच्यासाठी हाच उपक्रम चालवताना अधिक सावधगिरी बाळगावी.

पहिली पायरी : कोणासाठी, हे ठरवा

‘तरुण’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसे येतात. कोणी सकाळी डोळे उघडताच सिगारेट पेटवतो, तर कोणी फक्त शनिवारी रात्री मित्रांसोबत दोन ओढतो आणि ‘मला कुठे सवय आहे’ असे मनापासून मानतो. कोणी ई-सिगारेट ओढतो, तर कोणी दोन्ही. पहिल्याला शरीराच्या मागणीशी झुंजायचे असते आणि दुसऱ्याला संगतीशी. दोघांना एकच संदेश पाठवला, तर त्यांपैकी एकाला तो परका वाटणारच.

म्हणून नोंदणीच्या वेळी मोजकेच, पण नेमके प्रश्न विचारावेत. वय किती? दिवसाला किंवा आठवड्याला साधारण किती सिगारेट होतात? उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढली जाते? कोणत्या वेळी आणि कोणाच्या संगतीत सर्वाधिक ओढल्या जातात? सोडण्याचे स्वतःचे कारण काय? यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्याचे निकोटीनवरील अवलंबित्व सहसा जास्त असते आणि अशा व्यक्तीला संदेशांच्या जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधोपचार किंवा निकोटीनचे च्युइंगगम, पॅच यांसारखी साधने लागण्याची शक्यता अधिक असते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीच्याच शब्दांत, जसेच्या तसे टिपून ठेवावे. पुढे ते फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी : सोडण्याचा दिवस

नोंदणी झाल्यावर पंधरवड्याच्या आतला एक दिवस त्या व्यक्तीनेच निवडावा. ब्रिटनमधील चाचणीतही सहभागी व्यक्तींनी दोन आठवड्यांच्या आतला दिवस ठरवावा, अशी पद्धत होती. दिवस फार लांबचा असला की उत्साह ओसरतो आणि उद्याचाच असला की तयारी होत नाही. परीक्षा, लग्नसमारंभ, मित्रांची सहल असे प्रसंग ठरवलेल्या दिवसाच्या लगेच पुढे येत असतील, तर तसे विचारून दिवस मागेपुढे करावा.

या दिवसापूर्वीच्या संदेशांचे काम तयारी करून घेण्याचे असते. लायटर आणि ॲशट्रे बाहेर काढणे, कपाटात किंवा बॅगेत राहिलेली पाकिटे शोधणे, एका विश्वासू मित्राला सांगून ठेवणे, धोक्याच्या वेळा कागदावर लिहिणे अशी एकेका दिवसाची एकेक छोटी कृती सांगावी. कृती झाली की ‘झाले’ एवढेच उत्तर पाठवण्यास सांगावे. उत्तर पाठवण्याची सवय येथेच लागते. ती येथे लागली नाही, तर पुढे तलफेच्या क्षणी कोणी उत्तर पाठवील, ही आशा व्यर्थ आहे.

तिसरी पायरी : संदेश लिहिणे

येथे घाई करू नये. किती संदेश लागतील, याचा आधी हिशेब करावा. ब्रिटनमधील चाचणीत पहिले पाच आठवडे रोज पाच आणि त्यापुढील सव्वीस आठवडे दर आठवड्याला तीन संदेश पाठवले जात. म्हणजे १७५ आणि ७८ मिळून एका व्यक्तीसाठी २५३ संदेश झाले, आणि त्यांत विचारलेल्या प्रश्नांना पाठवलेली उत्तरे धरलेली नाहीत. लहान उपक्रमाने एवढा पल्ला गाठावाच असे नाही. सहा ते आठ आठवड्यांचा उपक्रमही चालतो. मात्र तेच तेच वाक्य तिसऱ्यांदा आले की वाचणारा संदेश न उघडताच बाजूला सारतो, म्हणून साठा पुरेसा हवा.

संदेश कसा नसावा, ते पाहा : ‘धूम्रपान आरोग्यास घातक आहे. आजच सोडा.’ हे वाक्य खरे असले, तरी ते प्रत्येक पाकिटावर छापलेले असते आणि ज्याने आपल्याकडे नाव नोंदवले त्याला ते पटलेलेही असते. त्याला हवी असते ती पुढच्या दहा मिनिटांची मदत. त्याउलट हा संदेश पाहा : ‘तलफ आली? पाच मिनिटे थांबा. पाणी प्या, जागा बदला. ती ओसरेल.’ यात एक वस्तुस्थिती आहे, कारण तलफेची लाट सहसा काही मिनिटांत उतरते. आणि वाचताक्षणी करता येतील अशा दोन कृतीही आहेत.

चांगल्या संदेशात बहुधा तीनांपैकी एक गोष्ट असते. पहिली म्हणजे आत्ता काय करायचे, ही सूचना. दुसरी म्हणजे जे घडते आहे त्याचे स्पष्टीकरण : चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे, झोप मोडणे, सारखी भूक लागणे ही शरीरातून निकोटीन कमी होत असल्याची लक्षणे आहेत, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत निवळतात. हे माहीत नसलेल्या तरुणाला वाटते की आपला स्वभावच आता असा झाला. माहीत असेल, तर तो दिवस मोजत तग धरतो. तिसरी म्हणजे त्याच्याच कारणाची आठवण. नोंदणीच्या वेळी कोणी ‘फुटबॉल खेळताना दम लागतो’ असे लिहिले असेल, तर दुसऱ्या आठवड्यात त्याला एवढेच विचारावे : ‘फुटबॉलच्या वेळी दम लागतो म्हणून सोडायची होती ना? या आठवड्यात मैदानावर काय जाणवले?’ असा एक वैयक्तिक संदेश दहा सर्वसाधारण संदेशांपेक्षा अधिक काम करतो, असे माझे ठाम मत आहे.

‘जर-तर’ पद्धतीची वाक्ये विशेष उपयोगी पडतात, कारण त्यांत प्रसंग आणि प्रतिसाद आधीच जोडलेले असतात. ‘मित्राने सिगारेट पुढे केली, तर मी “सोडली आहे” म्हणेन आणि दोन पावले मागे सरकेन’ हे वाक्य त्या तरुणाकडूनच पूर्ण करून घ्यावे. आपण अर्धे वाक्य पाठवावे, उरलेले त्याने लिहावे आणि संध्याकाळी त्याला त्याचेच वाक्य परत पाठवावे.

भीतीच्या संदेशांबाबत संयम ठेवावा. वीस वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांनंतरचा कर्करोग फार दूरचा वाटतो आणि सतत घाबरवले की तो संदेश बंद करतो. त्याऐवजी लवकर दिसणारे फायदे सांगावेत. शेवटच्या सिगारेटनंतर सुमारे वीस मिनिटांत हृदयाचे वाढलेले ठोके उतरू लागतात आणि साधारण बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सामान्य पातळीवर येते. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. श्वासाला आणि कपड्यांना येणारा वास जातो, पैसे उरतात, खेळताना फरक जाणवतो. एक बारीक सूचनाही आवर्जून द्यावी : सिगारेट सुटल्यावर कॅफिन शरीरात अधिक वेळ टिकते, त्यामुळे चहा-कॉफीचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले तर अस्वस्थता आणि निद्रानाश वाढू शकतो, आणि त्याचा दोष मात्र सिगारेट सोडण्याला दिला जातो.

भाषा कोणती असावी, ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे कार्यालयात बसून ठरवू नये. पाच-सात तरुणांना संदेश मोठ्याने वाचायला सांगावेत. जेथे ते अडखळतात, हसतात किंवा ‘असे कोण बोलते’ म्हणतात, ते वाक्य बदलावे. त्यांच्या बोलीतील शब्द जरूर घ्यावेत, परंतु ओढूनताणून तरुण भाषा बोलणारी संस्था त्यांना लगेच ओळखू येते, हेही लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : वेळापत्रक

निकोटीनचे रक्तातील प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. त्यामुळे सोडण्याच्या दिवशी सकाळी नऊला ओढलेली नाही, तर दुपारपर्यंत शरीर मागणी करू लागते. स्वतःच्या बळावर सोडू पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच पुन्हा ओढू लागतात. म्हणून संदेशांचा भर पहिल्या दोन आठवड्यांत असावा आणि नंतर तो हळूहळू कमी करावा.

सोडण्याच्या दिवसाचे उदाहरण घेऊ. मुलगा सकाळी सातला उठतो आणि त्याची पहिली सिगारेट साडेसातची असते, असे त्याने सांगितले आहे. पहिला संदेश सातला जावा. साडेसातला गेला तर उशीर झाला. दुसरा दुपारी तासिका संपण्याच्या थोडा आधी, तिसरा जेवणाच्या वेळी, चौथा संध्याकाळी मित्र जमतात त्यापूर्वी आणि पाचवा रात्री झोपण्याआधी जावा. या पाचव्या संदेशात सल्ला नको. फक्त एक प्रश्न असावा : ‘आजचा दिवस कसा गेला? १ म्हणजे सोपा, ५ म्हणजे फार कठीण.’ ज्याने ५ कळवले, त्याला दुसऱ्या दिवशी माणसाने फोन करावा. तासिका सुरू असताना, परीक्षेच्या वेळी किंवा मध्यरात्री स्वयंचलित संदेश जाणार नाहीत, याची व्यवस्था आधीच करावी. शनिवार-रविवारचे वेळापत्रक निराळे ठेवावे, कारण त्या दिवशी उठण्याची वेळ, संगत आणि जागा सगळेच बदलते.

पाचवी पायरी : समोरून येणारा शब्द

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. संदेश केवळ एकाच दिशेने जात असतील, तर आपण एक रोजचे भित्तिपत्रक चालवतो आहोत. तरुणाला गरज वाटेल तेव्हा त्याने एक शब्द पाठवावा आणि क्षणभरात त्याला मदत मिळावी, अशी सोय मोठ्या उपक्रमांतही केलेली आहे : ब्रिटनमध्ये तलफेसाठी आणि घसरणीसाठी वेगवेगळे शब्द होते. आपल्याकडे ‘तलफ’, ‘मूड’ आणि ‘ओढली’ असे तीन सुटसुटीत शब्द पुरतील. उपक्रमातून बाहेर पडण्यासाठी ‘थांबवा’ हा चौथा शब्द असावा. अनेक जण हे शब्द रोमन लिपीत, घाईत आणि चुकीच्या अक्षरांनी टंकतात. ते सर्व प्रकार यंत्रणेला ओळखता आले पाहिजेत. ‘तलफ’ असे लिहूनही काही उत्तर आले नाही, तर तो मुलगा पुन्हा कधीही लिहीत नाही.

‘तलफ’ आल्यास उत्तर एका मिनिटाच्या आत जावे, कारण लाटच काही मिनिटांची असते. त्यात दर वेळी वेगळी कृती असावी : जिना चढून उतरणे, दात घासणे, ठरवलेल्या मित्राला फोन करणे, दीर्घ श्वास घेत पन्नासपर्यंत आकडे मोजणे. दहा मिनिटांनी ‘गेली का?’ असा पाठपुरावा करावा. तोच तरुण दिवसातून चार-पाच वेळा ‘तलफ’ पाठवत असेल, तर त्याला आणखी एक संदेश पाठवून भागत नाही. त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवण्याची ती वेळ असते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत निकोटीनची साधने किंवा औषधे आपण संदेशातून कधीही सुचवू नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा.

‘ओढली’ हा शब्द येतो तेव्हा आपल्या भाषेची कसोटी लागते. ज्याने हे कळवले, त्याने धैर्य दाखवले आहे. तो गप्पही राहू शकला असता. त्याला रागावणे, ‘अरेरे’ म्हणणे किंवा त्याचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजायला लावणे यांमुळे तो पुढच्या वेळी लपवतो. उत्तर असे असावे : ‘कळवलेत, हे बरे केले. एक ओढली म्हणजे सगळे संपले नाही. उरलेले पाकीट आत्ताच टाका. कुठे आणि कोणासोबत ओढली, एका ओळीत सांगा.’ त्याने ‘वसतिगृहाच्या गच्चीवर, रूममेटबरोबर’ असे लिहिले, की पुढचा संदेश त्या गच्चीविषयीच असावा : पुढील तीन दिवस रात्रीच्या जेवणानंतर गच्चीऐवजी कुठे जाणार? एखादी सिगारेट ओढली जाणे आणि पुन्हा रोज ओढू लागणे यांमध्ये काही तासांचे किंवा दिवसांचे अंतर असते आणि हस्तक्षेप करण्याची संधी तेवढ्याच काळात मिळते. दोन-तीनदा ‘ओढली’ आले, तर दिवस चुकला की तयारी अपुरी होती, हे बोलून पाहावे आणि नवा दिवस ठरवण्याचा पर्याय मोकळेपणाने द्यावा.

‘मूड’ या शब्दामागे काय असेल, हे आधी सांगता येत नाही. निकोटीन सोडल्यावर काही काळ उदास वाटणे नेहमीचे आहे. पण कधी त्याआड गंभीर नैराश्यही असते. जगण्याचा कंटाळा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार सूचित करणारा संदेश आला, तर स्वयंचलित उत्तर पुरेसे नाही. असे शब्द दिसताच प्रशिक्षित माणसाला लगेच कसे कळेल, तो किती वेळात फोन करील, रात्री ही जबाबदारी कोणाची आणि पुढे कोणत्या डॉक्टरांकडे किंवा मदतवाहिनीकडे पाठवायचे, हे सारे पहिला संदेश पाठवण्यापूर्वी कागदावर लिहिलेले हवे. ही व्यवस्था करता येत नसेल, तर मोकळे उत्तर लिहिण्याची सोयच ठेवू नये आणि हा क्रमांक तातडीच्या मदतीसाठी नाही, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगावे.

सहावी पायरी : संमती आणि खासगीपणा

अनेक तरुण घरच्यांच्या नकळत सिगारेट ओढतात. कुलूपबंद पडद्यावर ‘सिगारेट सोडून आज तिसरा दिवस’ असा संदेश झळकला आणि तो वडिलांनी वाचला, तर मदतीऐवजी संकट उभे राहते. म्हणून पहिल्या काही शब्दांत सिगारेटचा उल्लेख टाळावा, पाठवणाऱ्याचे नाव तटस्थ ठेवावे आणि पडद्यावरील पूर्वदर्शन बंद कसे करायचे, हे पहिल्याच संदेशात समजावून सांगावे. फोन कोणासोबत वाटून वापरला जातो का, हा प्रश्न नोंदणीच्या अर्जात जरूर असावा.

संमती घेताना किती संदेश येतील, किती दिवस येतील, उत्तर पाठवण्याचा खर्च कोणाला पडेल, माहिती कोण पाहील आणि ‘थांबवा’ कसे लिहायचे, हे साध्या भाषेत सांगावे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीचा कायदा देशोदेशी वेगळा असल्यामुळे तो आधी तपासावा. मोबाइल क्रमांक आणि उत्तरे वेगवेगळ्या फायलींत ठेवावीत, दोन्ही जोडणारा संकेतांक एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. महाविद्यालय किंवा नोकरी देणारी संस्था उपक्रम चालवत असेल, तर कोणी काय लिहिले, हे शिस्तीची कारवाई करणाऱ्यांपर्यंत कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी. गप्पांच्या ॲपवर सर्वांचा एक गट करण्याचा मोह होतो, तो आवरावा. गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि एकाने पुन्हा ओढायला सुरुवात केल्याची बातमी सर्वत्र पसरते.

सातवी पायरी : तांत्रिक बाजू

वीस-पंचवीस जणांसाठी एक स्वतंत्र फोन, एक तक्ता आणि दोन माणसे पुरतात. संख्या वाढली की ठरलेल्या वेळी संदेश पाठवणारी आणि येणारे शब्द ओळखणारी सेवा लागते. साधा लघुसंदेश इंटरनेटशिवाय, कोणत्याही फोनवर पोहोचतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण देवनागरीत लिहिताना एक मर्यादा पाळावी लागते : रोमन अक्षरांच्या एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीच्या लघुसंदेशात मात्र ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त प्रत्येकी एक चिन्ह धरले जाते, त्यामुळे ‘प्या’ या एका अक्षराची चार चिन्हे होतात. वर दिलेला तलफेचा संदेश रिकाम्या जागांसह ५८ चिन्हांचा आहे, म्हणून तो एकाच संदेशात जातो. ७० ची मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात आणि खर्च निदान दुप्पट होतो. २५३ संदेशांच्या हिशेबात हा फरक जाणवण्याइतका मोठा आहे. गप्पांच्या ॲपवर ही मर्यादा नसते, मात्र तेथे इंटरनेट लागते. मोठ्या संख्येने संदेश पाठवण्यासाठी अनेक देशांत पाठवणाऱ्याची नोंदणी सक्तीची असते. तिला वेळ लागतो, म्हणून ती लवकर सुरू करावी.

आठवी पायरी : लहान चाचणी आणि मोजमाप

पहिल्या फेरीत पंधरा-वीस जणच घ्यावेत आणि दोन आठवड्यांनी त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे. कोणता संदेश उघडलाच नाही, कोणता मित्राला दाखवला, कोणता चुकीच्या वेळी आला, हे विचारावे. ‘थांबवा’ लिहून बाहेर पडलेल्यांचे कारण, त्यांची तयारी असेल तरच, एका प्रश्नात विचारावे. सर्वाधिक शिकण्यासारखे तेथेच असते.

यश मोजताना स्वतःची फसवणूक होऊ देऊ नये. उत्तर देणाऱ्या तीस जणांपैकी पंधरा जणांची सुटली म्हणून पन्नास टक्के यश, असे म्हणणे चूक आहे. नोंदणी शंभरांची असेल, तर ते पंधरा टक्केच. जे कळवत नाहीत, ते ओढत आहेत असेच धरून चालण्याची पद्धत संशोधनात रूढ आहे. मोजमाप निदान दोनदा करावे, एकदा महिन्याभराने आणि एकदा सहा महिन्यांनी, कारण पहिल्या महिन्याचा आकडा पुढे हमखास घसरतो. तपासणी करायची असेल, तर फुंकलेल्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र सोपे पडते, पण त्यातून फार तर आदल्या दिवसापर्यंतचीच कल्पना येते. लाळेतील कोटिनिन हे निकोटीनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य त्यापेक्षा अधिक दिवस टिकते. मात्र निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगगम वापरणाऱ्याच्या आणि ई-सिगारेट ओढणाऱ्याच्या लाळेतही ते आढळते, याचे भान ठेवावे.

बक्षिसांबाबत न्यूझीलंडच्या चाचणीतील अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथे सहभागींना महिनाभर मोफत संदेश पाठवण्याची सवलत देण्यात आली होती. संशोधकांना पुढे असे दिसले की तुलनेच्या गटातील काही जण ही सवलत मिळावी म्हणूनच सिगारेट सोडल्याचे सांगत असावेत. त्याशिवाय बरेच सहभागी शेवटपर्यंत संपर्कात राहिले नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांनंतरच्या निष्कर्षांविषयी अनिश्चितता उरली. म्हणून काही द्यायचेच असेल, तर ते प्रश्नांची उत्तरे दिल्याबद्दल द्यावे आणि उत्तर ‘ओढतो’ असले तरी ते मिळेल, हे आधीच जाहीर करावे.

उपक्रमाचा ठरलेला काळ संपताना संदेश एकाएकी थांबवू नयेत. शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांची संख्या कमी होणार असल्याचे सांगावे आणि ‘तलफ’ व ‘ओढली’ हे दोन शब्द पुढील काही महिने चालू राहतील, अशी व्यवस्था करावी. ज्यांची सिगारेट सुटली नाही, त्यांना तीन महिन्यांनी एकच संदेश पाठवून पुन्हा दिवस ठरवायचा आहे का, एवढे विचारावे. त्यांनी ‘हो’ कळवले, तर जुनेच संदेश त्याच क्रमाने न पाठवता मागच्या वेळी सिगारेट कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणासोबत ओढली गेली, ती नोंद काढून तेथूनच नवे वेळापत्रक आखावे.